एकमताचा आक्षेप

"दोनशे एकेचाळीस अर्ज आहेत मंदार, आणि तुमच्या तक्त्यात आक्षेप किती? तर एक! हा काय तमाशा आहे?"

पद्मावतीबाईंनी कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. हैदराबादच्या आबिड्समधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि लगेच खाली गेल्या. बाईंचा पारा चढला की त्यांच्या वाटेला कोणी जात नसे.

मंदार प्रकल्पाचा प्रमुख. पुण्याचा, तीन वर्षांपूर्वी हैदराबादला आलेला. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत.

"पद्माताई, मजकूर शब्दन्‌शब्द सारखा आहे. सारखा मजकूर एकदाच धरतात, नेहमीची पद्धत आहे. पाच वाजेपर्यंत अहवाल अपलोड करायचाय, प्लीज."

पद्धत बाईंना काय नवी होती? खाणी आणि कारखान्यांसाठी पर्यावरणाचे अहवाल लिहून देणारी ही कंपनी. मराठी कागद आला की तो गेली सव्वीस वर्षं बाईंच्याच टेबलावर यायचा. मंदार मराठी फर्डं बोलायचा, पण शिकलेला इंग्रजी शाळेत; हाताने लिहिलेल्या मराठीच्या दोन ओळी वाचताना त्याला घाम फुटायचा. बाई इंग्रजीत भाषांतर करायच्या आणि खाली 'भाषांतर खरे व पूर्ण आहे' असं लिहून सही ठोकायच्या. त्या सहीचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या बिदरकडच्या शेतकरी घराण्यात सही करणाऱ्या त्या पहिल्याच बाई. वडिलांनी, आबासाहेबांनी, पाटीवर शंभरदा गिरवून घेतली होती.

यावेळचे कागद आले होते राज्याच्या सीमेपलीकडच्या, जंगलातल्या सालेबोडीहून. डांबरी रस्ता संपल्यावर अकरा किलोमीटर पायी चालायचं, तेव्हा हे गाव लागतं. गावामागच्या डोंगरात लोखंड सापडलं आणि खाणीचा प्रस्ताव आला. प्रत्येक अर्जात त्याच चार ओळी होत्या. 'डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आमचं गाव पितं. डोंगरात आमचा देव आहे. आमची जनावरं तिथंच चरतात. खाण नको.' खाली अंगठा. तक्त्यात समोर खाणवाल्यांचं उत्तरही तयार होतं: पाणी टँकरने पुरवू, देवासाठी दुसरीकडे चौथरा बांधून देऊ.

"देवाच्या बदलीची ऑर्डर काढणार की काय हे मेले!" बाई पुटपुटल्या.

अर्जावर एक फोन नंबर होता, गावाचे अर्ज लिहून देणाऱ्या प्रकाश मास्तरांचा. बाईंनी तो फिरवला.

"मास्तर, सगळ्यांनी एकच कसं काय लिहिलं हो? कोणी आपलं शेत लिहायचं, कोणी मोहाची झाडं लिहायची. इथे तुमचा सगळ्यांचा मिळून एकच आक्षेप धरलाय."

मास्तरांचा आवाज चढला.

"एकच? बाई, आमच्या गावची रीत हाय. सभा बसली का सगळ्यांचं एकमत झाल्याबिगर उठत नाही. या चार ओळींसाठी तीन दिवस बसलो आमी. सोमी म्हातारी म्हणे, देव पयले लिहा. तिची समजूत काढता काढता एक दिवस गेला. वेगवेगळं लिहिलं असतं तर तुमीच म्हणाले असते, गावात फूट हाय."

बाईंनी फोन ठेवला. सारख्या अर्जांपुढे नुसतं 'क्रमांक एकप्रमाणे' असं आजवर आपण किती गावांच्या कागदांवर लिहिलं असेल? त्यांना स्वतःचीच चीड आली.

त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. तक्त्यात एकेक नाव आणि त्यापुढे तोच मजकूर, अशा दोनशे एकेचाळीस ओळी भरल्या. साडेचार वाजता मंदार येऊन बघतो तर काय!

"ताई, एवढा वेळ यात घालवलात?"

त्याने मजकुराचा रकाना निवडला आणि सारख्या ओळी गाळायचं बटण दाबलं. दोनशे चाळीस ओळी गेल्या. पहिली तेवढी राहिली, सोमी झुरू उसेंडी.

"आता सही करा."

"नाही करणार. खाली 'पूर्ण' लिहिलंय. हे कुठे पूर्ण आहे?"

"कायकू परेशान करताय, ताई?" वैतागला की मंदारच्या तोंडीही हैदराबाद यायचं.

"हौ, करते परेशान! निवृत्तीला तीन महिने राहिलेत, काय करायचं ते करा."

मंदारने डोकं धरलं आणि नामपल्लीच्या एका भाषांतरकाराला फोन लावला. पंधरा मिनिटांत त्याची सही मेलवर आली. त्या गृहस्थाने त्यातला एकही कागद पाहिला नव्हता. पाचला पाच मिनिटं कमी असताना अहवाल गेलाही.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. संतापाने त्यांना रडू येत होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आपण अडून बसलो, आणि अडलं काय? कप्पाळ!

मग त्यांनी एक कोरा कागद ओढला. त्याच चार ओळी त्याच क्रमाने लिहिल्या आणि खाली आपलं नाव घातलं. सहीसाठी पेन टेकवलं, पण परत उचललं. त्या गठ्ठ्यात एकही सही नव्हती. त्यांनी शिक्क्याचा पॅड उघडला, डावा अंगठा त्यात दाबला आणि नावापुढे उठवला.

"हा फाइलला लावा," त्यांनी कागद मंदारपुढे ठेवला.

मंदारने तो हातात घेतला. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत त्याने चारही ओळी वाचल्या. आज पहिल्यांदाच त्याने तो मजकूर स्वतः वाचला होता.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "मजकूर तोच आहे. आकडा एकच राहणार."

"राहू दे. तीन दिवस बसून केलाय तो त्यांनी एक."

अंबरपेठच्या बसमध्ये बाईंना खिडकी मिळाली. कंडक्टरने बायकांचं फुकट प्रवासाचं झीरो तिकीट फाडून हातात दिलं. अंगठ्यावरची शाई अजून पुरती वाळली नव्हती. कोऱ्या बाजूवर जांभळा अंगठा उमटला. बाईंनी तिकिटाची घडी घातली आणि जपून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.