छताखालची वंदना

"बाबाजी, लाठी नीचे," गाईड मोडक्या हिंदीत म्हणाला.

मी काठी खाली घेतली. गुंफेच्या तोंडाशी छताला ती दोनदाच लागली होती. पहिल्यांदा आवाज भरीव आला. हातभर आत ठोकलं तेव्हा पोकळ आला.

माझा मुलगा संघदीप मागे वळला. "बाबा, नागपूरच्या विमानतळावर काय कबूल केलतं तुम्ही मले?"

"ठोकणार नाही म्हणलतं."

"मंग?"

आमच्यातला बाभुळगावचा लखन हसला. "काकाजी, दोन हजार वर्सं उभी हाये ही गुंफा. पडाले तुमचीच वाट पाहून राह्यली होती काय?"

"इतके वर्सं पडली नाही, म्हणूनच भेव वाटते," मी म्हणालो. त्यावर सगळेच हसले.

आम्ही अकराजण होतो. उझबेकिस्तानच्या वाळवंटात जुने बौद्ध विहार आहेत, हे कळल्यापासून संघदीपने दोन वर्षं खपून ही यात्रा जमवली होती. तो पांढरकवड्याला शाळेत शिकवतो. मी राजूरला कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं जमिनीखाली काढली. कामाला हात लावण्याआधी छत ठोकायचं, हा तिथला पहिला धडा. धड दगड खणकन बोलतो. सुटलेला दगड फुटक्या मडक्यासारखा वाजतो. खाण सुटून बरीच वर्षं झाली, पण घरी जिन्याखालून जातानाही माझा हात वर जातो. संघदीपला त्याची लाज वाटते.

"मामाजी, तुम्ही भाईरच बसा," माझी सून जया म्हणाली. "वंदना झाली का येतोच आम्ही."

ही वंदना विमलसाठी होती. विमल माझी बायको. तिलाही इथे यायचं होतं, पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढून ठेवला होता. मागच्या वर्षी ती गेली. वंदनेच्या शेवटी तिचं नाव घेऊन पुण्य तिला अर्पण करायचं, एवढ्यासाठी संघदीप इथवर आला होता.

सगळे वाकून आत गेले. वाट उताराची आणि एका माणसापुरती होती. मी तोंडाशी दगडावर बसलो. समोर नजर जाईल तिथवर पिवळी वाळू, झाड नाही, पाखरू नाही. आतून त्रिशरण ऐकू आलं, मग पंचशील. संघदीपचा आवाज सर्वांत मोठा होता.

मी वळून आत पाहिलं. जिथे दुसऱ्यांदा काठी लागली होती, तिथून वाळूची बारीक धार खाली पडत होती. सुतासारखी. थांबायची आणि पुन्हा पडायची.

अशी धार मी याआधी एकदाच, खाणीत पाहिली होती. तेव्हा मी जोरात ओरडलो होतो, "पळा!" आम्ही चौघे होतो. चौघेही एकदम वळलो आणि अरुंद वाटेत एकमेकांत अडकलो. तिघे निघालो. चौथा माझा जोडीदार धावजी होता.

म्हणून आता मला ओरडता येत नव्हतं. आत दहा माणसं होती, आणि वाट एकच.

मी उठलो. धारेखालून वाकून जाताना मानेवर वाळू पडली आणि मांड्यांमध्ये गरम ओल उतरली. माझं वय अडुसष्ट आहे. असं लहानपणानंतर पहिल्यांदाच झालं.

आत मोबाईलचा एकच दिवा होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. बुद्ध वंदना चालू होती. धम्म वंदना, संघ वंदना आणि विमलचं नाव राहिलं होतं. मी सर्वांच्या मागे उभा राहिलो आणि असेल तेवढा आवाज काढून म्हणालो, "भवतु सब्ब मंगलं..."

ही शेवटची गाथा वडीलधाऱ्याने उचलली की बाकीचे ती धरतात आणि वंदना संपते. आमच्याकडे लहानपणापासून असंच चालत आलं आहे. आधी जयाने धरली, मग लखनने, मग सगळ्यांनी. संघदीपचा आवाज सर्वांत उशिरा आला. गाथा संपली, माणसं तीनदा वाकली आणि उठून एकामागं एक चालू लागली. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला मी हात लावत होतो. मनात आकडे म्हणत होतो. नऊ झाले.

संघदीप बसूनच होता.

"आईचं नाव राह्यलं, बाबा."

"भाईर चाल."

"तुम्ही जा. मी नाव घेऊन येतो."

"मंग मीबी बसतो," मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी बसलो.

त्याने मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर धरला. काय दिसलं कोण जाणे. तो उठला.

बाहेर येऊन मी बसपाशी थांबलेल्या गाईडला बोलावून धार दाखवली. त्याने वाकून पाहिलं. मग त्याने गुंफेच्या तोंडाला आडवी दोरी बांधली.

"पडलं काय छत?" संघदीपने विचारलं.

"नाही."

"दिवसभर थांबलो तरी नाही पडणार. कायले केलं तुम्ही असं? तिच्या नावासाठी आलो होतो मी इथं."

छत पडेल, असं मी म्हणू शकत नव्हतो. पडलं तर आम्ही आत नव्हतो, एवढंच मला पुरे होतं. बस निघाली तोवर ते पडलं नव्हतं. पुढचं मला माहीत नाही.

जया जवळ आली. तिची नजर एकदा खाली गेली आणि लगेच वर आली. तिने खांद्यावरची शाल काढली. "ऊन लय हाये, मामाजी. हे धरा," म्हणाली आणि ती माझ्या कमरेशी धरून दिली. ऊन तर डोक्यावर होतं.

बाकीचे बसमध्ये चढले. संघदीप मात्र गुंफेच्या टेकडीकडे तोंड करून उघड्या वाळूत एकटाच बसला. त्याने हात जोडले. मला बोलावलं नाही. मी शाल दोन्ही हातांनी धरून लांब उभा राहिलो. वाऱ्यात शब्द ऐकू येत नव्हते, ओठ तेवढे हलताना दिसत होते. बराच वेळ ते हलत राहिले. मग एका जागी अडकले, थरथरले आणि पुन्हा उघडले.

तिथे विमलचं नाव होतं. मी मान लववली.