कागद खरा होता

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं एका मोठ्या फुटबॉल क्लबच्या मैदानाचं गवत राखलं आणि त्या मैदानावरचा एकही सामना बसून पाहिला नाही. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मला ती कधीच वाटली नाही. खेळाडू ज्या बोगद्यातून आत-बाहेर करतात त्याच्या तोंडाशी बाबा मातीची बादली घेऊन उभे असायचे. मध्यंतराची शिट्टी झाली की धावत जायचं आणि बुटांनी उखडलेलं गवत दाबून बसवायचं. बोगद्यातून त्यांना दिसायचे ते फक्त पाय. अमुक खेळाडू कसा आहे विचारलं तर सांगायचे, "डाव्या टाचेवर फार जोर देतो. गवताची पार वाट लावतो."

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाबांची नजर कडेकडून मिटत चालली आहे. समोरचं दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं, आणि ती नळी दर महिन्याला अरुंद होतेय. गेलेलं परत येणार नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाबा पायरीवरच थांबले.

"ठिणगे," ते म्हणाले, "एक सामना वर बसून बघायचाय. पाठ टेकून."

लहानपणापासून ते मला ठिणगी म्हणतात. का, ते पुढं कळेलच. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे मी तिथल्या तिथं हो म्हणून बसले.

हंगामातला एकच सामना उरला होता आणि त्याची तिकिटं कधीच संपली होती. क्लबमध्ये जाऊन जुनी ओळख सांगायला बाबा तयार नव्हते. ज्या खिडकीवर पगार घेतला तिथं फुकटचं मागायला जाणार नाही, म्हणाले, आणि विषय संपला. म्हणजे कुणीतरी घेतलेलं आणि मग नको झालेलं तिकीट मिळवायचं, एवढाच रस्ता राहिला.

बाबा माझ्या थोरल्या भावाकडे राहतात. भाऊ जहाजावर असतो, त्यामुळे घर वहिनीच्याच हातात. वहिनी विमा कंपनीत दावे तपासते. दिवसभर लोकांच्या थापा वाचायच्या, हेच तिचं काम. तिनं भाजी चिरता चिरता मला सगळं समजावलं.

"क्लबच्या स्वतःच्या इंटरनेटवरच्या पानावर परतीची तिकिटं येतात. ज्याला जमत नाही तो तिथं टाकतो, आपण तिथून घ्यायचं. छापील किमतीच्या वर जात नाहीत. उलट सामन्याच्या दिवशी उतरतात, कारण विकलं नाही तर त्याचे सगळेच पैसे बुडणार असतात. तेव्हा थांबायचं. अनोळखी माणसाच्या हातात रोख ठेवायची नाही."

"आणि आयत्या वेळी आलंच नाही तर?"

"येतं. एवढ्या हजारांत दोघांना तरी ताप येतोच."

"वहिनी, बाबांचे डोळे थांबणार आहेत का तुझ्या उतरत्या किमतीसाठी?"

ती पुन्हा भाजीकडे वळली. तिला गप्प बसवल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करते.

खरं कारण निराळं होतं. जे बोटानं चाचपता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. बावीस वर्षं मी छापखान्यात आहे. त्या क्लबची कागदी तिकिटं आमच्याकडेच छापली जातात. म्हणजे कोरं तिकीट आमचं. त्यावर आसनाचा आकडा आणि यंत्रानं वाचायचा काळा-पांढरा चौकोन क्लब आपल्याकडे उमटवतो. तिकिटाची फाडायची, भोकाभोकांची रेघ मात्र माझ्या यंत्रावर पडते. त्या यंत्राचा सातवा दाता किंचित वाकलेला आहे. मालकांना सांगून सांगून थकले, कोणी बदलला नाही. त्यामुळे आमच्या प्रत्येक तिकिटाला सातव्या भोकापाशी बारीकसं कुसळ राहतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण अंगठ्याला कळतं.

कागद पोचवणाऱ्या टेंपोवाल्यानं एका माणसाचा नंबर दिला. बस थांब्याच्या शेडमध्ये आम्ही भेटलो. नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. बहिणीचं ऑपरेशन नेमकं सामन्याच्या दिवशी निघालं, म्हणाला. तिसरी रांग, मैदानाला लागून, दोन शेजारशेजारच्या जागा. बाहेर लोक तिप्पट मागत होते. हा छापील किमतीलाच देत होता. "मला धंदा करायचा नाही हो," म्हणाला. मी तिकिटं हातात घेतली. जाडी बरोबर. कडेची बारीक अक्षरं बरोबर. अंगठा रेघेवरून फिरवला आणि सातव्या भोकापाशी कुसळ लागलं.

मी त्याला रोख दिली. पावती मागितली नाही. माझ्याच हातचं तिकीट, त्याला पावती कसली मागायची?

सामना दुपारचा होता. बाबांनी दाढी दोनदा केली, कारण पहिल्यांदा गालाची एक बाजू राहून गेली होती. बसमध्ये ते माझा दंड धरून बसले आणि सारखी तिकिटं चाचपत राहिले. "तिसरी रांग," म्हणाले. "तिथून गवताचा वास येईल." मी खूश होते. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत नव्हते.

दारावर यंत्र घेऊन एक बाई उभी होती. तिनं माझं तिकीट यंत्राखाली धरलं. लाल दिवा. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. बाबांचंही तसंच.

"ही चालणार नाहीत," ती म्हणाली. "रद्द झालेली आहेत."

"रद्द कशी? ही खरी आहेत. मी स्वतः छापते ही."

"कागद खरा असेल हो, ताई. पण ज्याची होती त्यानं ती आमच्या पानावर परत विकली. परत विकली की जुना कोड मरतो, नव्या माणसाला नवा जातो. ती दोघं मघाशीच आत गेली."

एकच तिकीट त्यानं दोनदा विकलं होतं. एकदा सरळ मार्गानं, आणि उरलेला कागद मला. मग नावाप्रमाणे माझा भडका उडाला. मी तिला नाही नाही ते बोलले, सातव्या दात्याचं पुराण ऐकवलं, मागची रांग कुरकुरायला लागली. त्या बिचारीचा काय दोष होता? तिच्या यंत्राला माझा अंगठा ठाऊक नव्हता, एवढंच.

"ठिणगे, बाजूला हो," बाबा हळूच म्हणाले. "लोकांचा खोळंबा होतोय."

भिंतीच्या कडेला आल्यावर ते म्हणाले, "कागद चांगलाय पण. हाताला लागतं ते." मला वाचवायला म्हणाले ते. शरमेनं माझी मान वर होईना.

मी वहिनीला फोन लावला. झालं ते सांगितलं. मी सांगितलं नव्हतं का, असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "किती वेळ आहे?"

"पंचवीस मिनिटं."

"फोन ठेवू नकोस."

मला तिच्या बोटांचा आवाज ऐकू येत होता. दोनदा तिला दोन जागांची जोडी दिसली आणि बटण दाबेपर्यंत गेली. मग ती म्हणाली, "एकच आहे. गोलच्या मागं, अगदी वर, शेवटून दुसरी रांग. निम्म्याहून कमी किमतीला. घेऊ?"

"एकच?"

"एकच. लवकर सांग."

"घे."

तिकीट माझ्या फोनवर आलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तू जा. मी इथं बसतो. बाहेरून आवाजावर ओळखायची सवय आहे मला."

"बाबा, तुम्ही आत्ता आत गेला नाहीत ना, तर मी आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही."

रद्द तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी जाड पेनानं विभाग, रांग आणि आसन मोठ्या अक्षरांत लिहिलं. कुणालाही दाखवा म्हटलं. दारावरच्या त्याच बाईनं माझ्या फोनवरचा चौकोन यंत्राखाली धरला, हिरवा दिवा लागला, आणि तिनं एका रखवालदाराला हाक मारून सांगितलं, "यांना अगदी वरपर्यंत सोड. एकेक पायरी." मी तिची माफी मागितली. ती हो म्हणाली आणि पुढचं तिकीट घेतलं.

पावणेदोन तास मी बाहेर कट्ट्यावर बसले. आतून आवाज उठायचा आणि पडायचा. दोनदा मोठा गजर झाला. कुणी गोल केला ते मला कळलं नाही. बाबांनी एकतीस वर्षं अशीच काढली होती. मला मात्र एकच दिसत होतं, वर कुठंतरी एक म्हातारा माणूस एकटा, ना खेळाडू दिसतायत ना शेजारी कोणी आपलं. तिसरी रांग मी त्यांना दाखवली आणि दिली शेवटची. त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याला मी मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. पण त्याच्यापेक्षा मला माझ्या अंगठ्याचा राग आला होता.

सामना सुटल्यावर गर्दीबरोबर बाबा बाहेर आले. हातात तोच कागद. मी धावत जाऊन त्यांना धरलं आणि कट्ट्यावर बसवलं.

"दिसलं का काही?"

"चेंडू नाही दिसला. फार लांब होतं." त्यांनी हातातला कागद उलटा-सुलटा केला. "पण मैदान दिसलं गं. चारी कोपरे एकदम. मान वळवावी लागली नाही. इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. इतक्या उंचीवरून सगळं मैदान त्यांच्या नळीत मावलं होतं. तिसऱ्या रांगेत बसलो असतो तर हातभर गवत दिसलं असतं आणि चार पाय, बोगद्यातून दिसायचे तसेच. यात माझी काही हुशारी नव्हती.

"पलीकडच्या गोलपाशी गवत पिवळं पडलंय," ते म्हणाले. "पाणी साचतं तिथं. माझ्या वेळीही साचायचं. तुला दाखवायला दोनदा वळलो. दुसराच माणूस होता. भला होता बिचारा, त्यालाच सांगितलं."

मी त्यांच्याजवळ सरकले. मग पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

"आता मला दाखवा. कुठं पडलंय?"

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि मी लिहिलेल्या आकड्यांच्या खाली मैदान काढायला घेतलं. एक लांब रेघ. मग आडवी. ती रेघ कागदाची कड ओलांडून त्यांच्या विजारीवर गेली आणि तशीच पुढं चालली. त्यांना ते दिसलं नाही. मी कागद हळूच रेघेखाली सरकवला आणि म्हटलं, "हं, पुढं?"