पंखा घुरघुरला नाही

इन्व्हर्टर चांगला की वाईट हे ओळखायला मला मीटर लागत नाही, असं मी पंधरा वर्षं लोकांना ऐकवत आलो. मूर्तिजापूर स्टेशनाजवळ माझं दुकान आहे. पाटीवर 'गुलाम नबी इलेक्ट्रिक वर्क्स' असं लिहिलंय, पण लोक मला पंखेवाला नबी म्हणतात. कोणी इन्व्हर्टर तपासायला आणला की मी त्यावर माझा जुना टेबलफॅन लावतो आणि जाळीला कान देतो. खोट्या करंटवर पंखा घुरघुरतो, खऱ्यावर गुपचूप फिरतो. खोक्यावर 'प्युअर साइन वेव्ह', म्हणजे खरा करंट, असं छापायला काय लागतं? पंख्याला कुठे वाचता येतं? हे मी इतक्या वेळा, इतक्या लोकांसमोर, इतक्या ऐटीत म्हटलंय की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन हजार अकराच्या भादव्यात शालू दुकानात आली. ती देवरावभाऊंची मुलगी, मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावातल्या अंगणवाडीत कामाला. देवरावभाऊ म्हणजे माझे उस्तादच. इथल्या एका जिनिंगमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि जळालेल्या मोटारीत नवी तार कशी भरायची हे मला त्यांनीच शिकवलं, तेही शिव्या देऊन. बत्तीस वर्षं कापसाची धूळ ओढून त्यांचं फुप्फुस कामातून गेलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं. हवा ओढून तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढणारं, लाइटवर चालणारं मशीन. आणि लाइटचे तर तेव्हा असे हाल होते की गावात सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ ती नसायचीच. बाकीच्या वेळी असली तरी नशीब समजायचं.

"चाचा, नागसेनदादा म्हणते का बाबाले बडनेऱ्याले घेऊन जातो," शालू म्हणाली. नागसेन तिचा मोठा भाऊ, रेल्वेत नोकरीला. "रेल्वेच्या क्वार्टरले लाइट जातच नाई म्हणते. पण बाबा आयकतच नाई. म्हणते, मले माह्या घरातच राहू द्या. मंग दादा म्हणला, इन्व्हर्टर लावा, पण नबीचाचानं पास केला तरच. नाई तं बडनेरा."

तिने पोत्यात गुंडाळून आणलेला इन्व्हर्टर काउंटरवर ठेवला. नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा, अकोल्याच्या एका दुकानातून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेला. नावाजलेल्या कंपनीच्या निम्म्या किमतीत 'प्युअर साइन वेव्ह'. मी खोकं पाहिलं आणि हसलो. असली खोकी मी ढिगाने परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशी बाबांना आणि त्यांच्या मशीनला घेऊन ये, म्हटलं. पंखा तर लावूच, पण खरी परीक्षा त्यांच्या मशीनवर घेऊ.

देवरावभाऊ ऑटोरिक्षातून आले, मांडीवर वाटेपुरता ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन, कोणी लहान पोर धरावं तसे. मी आधी पंखा लावला, कान दिला. पंखा घुरघुरला नाही. माझाच विश्वास बसेना. मी दुसरा पंखा लावला, शेजाऱ्याकडून तिसरा आणला. एकही घुरघुरला नाही. त्या फडतूस दिसणाऱ्या खोक्यातून निघणारा करंट खरोखर शुद्ध होता.

"नब्या," देवरावभाऊ दम खात म्हणाले, "तुले माह्या फुप्फुसाहून त्या पंख्याचीच जास्त चिंता हाय."

मग त्यांचं मशीन लावलं. नवी, भरलेली बॅटरी, नाकात नळी, आणि माझ्याच खुर्चीवर ते. येणारं गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे पाहायचं, मग माझ्याकडे. ते प्रत्येकाला सांगायचे, "पाह्यता काय? परीक्षा सुरू हाय माही." मधे शकुंतला, आमची जुनी छोटी रेल्वेगाडी, धापा टाकत गेली, तेव्हा म्हणाले, "ते पाह्य माही बहीण. तिलेबी कोणी मशीन लावून द्या रे." तीन तास दहा मिनिटांनी इन्व्हर्टर बीप बीप करायला लागला. तीन तास पाहिजे होते, दहा मिनिटं वरच मिळाली. मशीन तापलं नव्हतं, भाऊंचे ओठ निळे पडले नव्हते.

मी लगेच नागसेनला फोन लावला. "पास," म्हटलं. "माझ्या शब्दावर बाबांना घरीच ठेव."

"तुमी म्हणता तं मंग काही बोलाचं कामच नाई, चाचा," तो म्हणाला. देवरावभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला शिवी न देता शाबासकी दिली, आणि मी लहान पोरासारखा खूश झालो. ते बडनेऱ्याला जाणार नव्हते ते माझ्यामुळे.

गावात जाऊन मीच तो बसवला. नाला भरून वाहत होता, सगळी शेतं ओली होती. त्यांच्या घरातल्या प्लगमध्ये मी मीटर घातला, सवय म्हणून. दोनशे पंचवीस व्होल्ट. झकास. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. "हिरवा असला म्हणजे लाइट हाय, बॅटरी भरून राहिली. लाल झाला का बॅटरीवर चालू," मी शालूला सांगितलं. दोनच दिवे होते त्यावर. महागड्या मशीनवर चार्जिंगचा तिसरा दिवा असतो. निम्मी किंमत कुठून तरी निघणारच, तर ती एका दिव्याने निघाली, असं मी तेव्हा गमतीने म्हणालो होतो.

महिना-दीड महिना सगळं ठीक चाललं. मग दिवाळी गेली आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले.

त्या वर्षी कापसाने सगळ्यांना बुडवलं होतं, म्हणून जो तो हरभऱ्याच्या मागे लागला होता. विहिरीवरच्या मोटारीला लाइट केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. लाइट आली की कोणीतरी अंधारातून विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा. आदल्या वर्षी त्याच गावातला एक जण असाच गेला आणि साप चावून तिथेच पडला. तेव्हापासून सगळ्यांना 'ऑटो' पाहिजे होता. ऑटो म्हणजे स्टार्टरच्या पेटीत बसवायचा एक छोटा स्विच. लाइट आली की तो आपोआप मोटार चालू करतो, माणसाला जायची गरज नाही. चांगली वस्तू आहे. तिने माणसं वाचली आहेत, हे मी आजही म्हणेन. त्या गावात तो हंगाम माझाच होता. सकाळी लाइट गेली की मी पेट्या उघडायचो, कारण बंद लाइनवर काम करायला बरं पडतं, आणि दहा वाजता लाइट यायच्या आत मोटारसायकलवर टांग टाकून मूर्तिजापूरला परत.

असाच एका सकाळी शेषरावच्या विहिरीवर ऑटो बसवून निघालो होतो, तेव्हा शालूने रस्त्यात अडवलं.

"चाचा, बॅटरी पुरून नाई राहिली. तीन तास म्हणले होते तुमी. दीड तासातच बीप बीप कराले लागते. मंग सिलिंडर लावा लागते."

मी घाईत होतो. घरात गेलो. देवरावभाऊ उशीला टेकून बसले होते, नाकात सिलिंडरची नळी. मला पाहून त्यांनी फक्त बोट हलवलं. मी बॅटरीचं पाणी पाहिलं, बरोबर होतं. तारा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. प्लगमध्ये मीटर घालायला लाइटच नव्हती. माझ्या इन्व्हर्टरमध्ये खोट निघणं मला परवडणारं नव्हतं, पास तर मीच केला होता. म्हणून मी खोट दुसरीकडे शोधली आणि ती मला लगेच सापडली. कोपऱ्यात टीव्ही होता, डोक्यावर ट्यूब होती, खिडकीत शालूचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

"हे काय हाय?" मी ओरडलो. "इन्व्हर्टर बाबासाठी हाय का सिरियल पाह्यासाठी? मशीन एवढा करंट खाते, त्याच्यावर तुमी टीव्ही लावता, मोबाईल लावता, अन मंग म्हणता बॅटरी पुरत नाई! बापाचा जीव हाय त्या बॅटरीत, एवढं तरी समजते का?"

तिने मोबाईल काढला. मी निघालो तेव्हा ती स्टुलावर चढून ट्यूबही काढत होती. मला बरं वाटलं, की चला, समजलं. रस्त्याला लागलो तेव्हा दहा वाजले होते. मागे नाल्याकडच्या सगळ्या विहिरींवरून मोटारींची धडधड एकदम सुरू झाली आणि शेषरावचा ऑटो चालला म्हणून मी समाधानाने गाडीचा कान पिळला.

अकरा दिवसांनी सकाळी नवाच्या सुमारास तिचा फोन आला. सात वाजता लाइट गेली, आठच्या आतच बीप वाजला. सिलिंडर आदल्या संध्याकाळी संपला होता, भरायला अकोल्याला पाठवलेला होता. मी पोचलो तेव्हा देवरावभाऊ गेले होते. खाटेवर, आपल्या घरात, जसं त्यांना पाहिजे होतं तसे. आयाबाया जमल्या होत्या. मशीन बाजूला गप्प पडलं होतं. नळी अजून नाकातच होती. ती मी काढली.

दहा वाजता लाइट आली. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. आणि नाल्याकडून ती धडधड उठली, सगळ्या मोटारी एका क्षणात. शेजारच्या खोलीतला बल्ब पेटला, पण निखाऱ्यासारखा लाल. मी त्या बल्बकडे पाहिलं. खिशातला मीटर काढून प्लगमध्ये घातला. एकशे बेचाळीस.

एकशे ऐंशीच्या खाली असले इन्व्हर्टर बॅटरी भरत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. लाइट होती म्हणून हिरवा दिवा लागत होता, आणि बॅटरीत मात्र व्होल्टेज कधी वर चढलं तर तेवढंच थोडंसं जात होतं. तिसरा दिवा असता तर शालूला ते दिसलं असतं. तो नव्हता, म्हणून ती हिरव्याकडे पाहून निर्धास्त झोपायची. गावाची आणि विहिरींची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. आधी मोटारी कोणी आता सुरू करायचा, कोणी तासाने. आता लाइट आली की सगळ्या मिळून करंट ओढायच्या, व्होल्टेज पाडायच्या आणि रात्रभर सोडायच्या नाहीत. मी खाटेजवळ उभा राहून बोटांवर मोजले. त्या डीपीवर एकोणीस ऑटो होते. एकोणीसच्या एकोणीस मी बसवलेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेलो. त्रिशरण-पंचशील झालं, लोक जेवून गेले. नागसेनने माझे हात धरले आणि म्हणाला, "चाचा, तुमी लय केलं बाबासाठी." मी त्याच्या डोळ्यांकडे पाहू शकलो नाही. तो पाहुण्यांना बसवर सोडायला गेला, तेव्हा शालू माझ्याजवळ येऊन बसली. घरात अजून ट्यूब नव्हती. टीव्हीवर चादर टाकलेली होती.

"चाचा, एक विचारू?" ती खाली पाहत म्हणाली. "तुमी बोलले तवापासून म्या काहीच लावलं नाई त्याच्यावर. बाबा अन म्या अंधारातच बसत होतो. पण त्या दिवशी सकाळी मोबाईल बंद पडला होता. म्या म्हटलं, दादाले फोन करा लागला तं? म्हून म्या पंधरा मिनिटं मोबाईल लावला होता. फक्त पंधरा मिनिटं." तिचा आवाज फुटला. "त्यानंच गेले का बाबा?"

मोबाईल किती करंट खातो? पाच वॅट. देवरावभाऊंचं मशीन साडेतीनशे खातं. पंधरा मिनिटं मोबाईल लावून त्या बॅटरीचा अर्धा मिनिटही कमी होत नाही. हे मी तिला सांगितलं. आणि मग, एवढ्यावर थांबता आलं असतं तरी, बाकीचंही सांगितलं. व्होल्टेज, हिरवा दिवा, एकोणीस ऑटो, आणि लाइट येईपर्यंत दहा मिनिटं थांबून मीटर न घालता मी निघून गेलो ते. सांगताना मी रडलो. मला वाटलं होतं ती ओरडेल, नागसेनला हाक मारेल, मला घराबाहेर काढेल.

तिने इन्व्हर्टरकडे पाहिलं. त्यावर हिरवा दिवा लागलेला होता.

"म्हंजे मोबाईलनं काहीच होत नव्हतं," ती म्हणाली.

"नाई बेटा."

"अन ट्यूबनं?"

"थोडंसं. दहा-पंधरा मिनिटांचा फरक. त्यानं काही होत नाई."

"बाबाले अंधारात भेव वाटे, चाचा. अकरा दिवस मले म्हणत होते, शालू, जरासा उजेड कर वं. अन म्या नाई म्हणत होती." तिने पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमी त्या दिवशी मले तसं बोलले कावून?"