पाहा: ताई

माझे भावोजी राजकीय तत्त्वज्ञ आहेत. म्हणजे घरातला दिवा गेला तरी ते आधी आधुनिकतेला दोष देतात आणि मग ताईला हाक मारतात. माझं काम त्यांच्या मानाने साधं. पुस्तकाच्या शेवटी जी सूची असते, कोणतं नाव, कोणता शब्द कोणत्या पानावर, ती मी करते. प्रत्येक नोंदीची एक चिठ्ठी, आणि सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात.

अकरा वर्षं खपून भावोजींनी पुस्तक लिहिलं. म्हणणं असं, की आधुनिक माणसाला आपण स्वतःच स्वतःला घडवलं असं वाटतं. आपल्यामागे कुणी उभं होतं हे तो कबूलच करत नाही. अशा माणसांचं राज्य होत नाही, नुसती गर्दी होते. मला पटलं. चिठ्ठ्या करता करता मी दोनदा मानही डोलावली.

मग प्रस्तावना आली. तिचं शेवटचं वाक्य होतं, 'हा विचार सर्वस्वी माझा आहे. त्यासाठी मी कुणाचाही ऋणी नाही.'

मी कपाळावर हात मारला. युरोपातल्या तीन तत्त्वज्ञांच्या चिठ्ठ्या माझ्या खोक्यात पाठपोट भरल्या होत्या. त्यांचं एक वेळ जाऊ दे, त्यांची नावं पानोपानी होती. पण ताई? त्या तिघांच्या भाषेतलं भावोजींना ओ की ठो कळत नाही. ताई ती भाषा शाळेत शिकवते. नऊ वर्षं रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या तिघांची पुस्तकं उघडायची आणि भाजी निवडता निवडता आपल्या भाषेत सांगायची. भावोजी वहीत उतरवून घ्यायचे. एकाचा दातांत अडकणारा शब्द तिने 'हाताला सरावलेलं' असा सोडवला. पुस्तकात तो एकसष्ट पानांवर आहे. ताईचा मात्र कुठे पत्ता नाही.

मला राग आला, आणि राग आला की मी फार नीट काम करते. नवी चिठ्ठी घेतली, वर 'ताई' लिहिलं आणि खाली चौऱ्याण्णव पानांचे आकडे टाकले. 'हाताला सरावलेलं' या चिठ्ठीवर लिहिलं, 'पाहा: ताई'.

पुस्तक शुक्रवारी छापायला जायचं होतं. बुधवारी सकाळी भावोजी सूची तपासायला आले. सगळे लेखक करतात तेच त्यांनी केलं, आधी स्वतःचं नाव शोधलं.

"माझं नाव नाही यात?"

"लेखकाचं नसतं, भावोजी. पुस्तकभर तुम्हीच आहात की."

ते 'त'पर्यंत आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मेव्हणीबाई, ही थट्टा आहे का?"

"एक जरी पान चुकलं असेल तर दाखवा. लगेच खोडते."

त्यांनी मुद्रितं पुढे ओढली आणि एकेक पान ताडून पाहायला लागले. तासभर तेच चाललं. ताईला तर मी विचारलंही नव्हतं. घरी जाऊन भावोजी तिच्यावर डाफरले तर? शेवटी चिठ्ठी खिशात घालून ते उठले. चहा तसाच राहिला.

गुरुवारी दोघंही आली. भावोजींनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. माझ्या आकड्यांखाली त्यांच्या तिरक्या अक्षरात आणखी आकडे होते, मागच्या बाजूलाही.

"तू वरवर पाहिलंस," ते म्हणाले. "दुसरं प्रकरण तर सगळं तिचंच आहे." प्रस्तावनेतलं ते वाक्यही त्यांनी खोडलं होतं. "अकरा वर्षं आधुनिक माणसाला शिव्या घातल्या, आणि तो आमच्याच टेबलाशी वही घेऊन बसला होता."

ताईने चिठ्ठी शांतपणे वाचली, पर्समधून पेन काढलं आणि एक आकडा खोडला.

"पान दोनशे सहा माझं नाही. ते तुमचं, अहो."

भावोजींनी घाईघाईने पान काढलं. "नक्की?"

"नक्की. मला ते अजूनही पटलेलं नाही."

भावोजी इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि मला हळूच विचारलं, "एवढ्या एका पानापुरतं माझं नाव सूचीत घालता येईल का?"

नियम मोडून मी घातलं.