आधी कोणाचं रान

शेषेराव आणि वैजनाथ सकाळपासून बांधावर भांडत होते आणि दोघांचे दोन बैल मान खाली घालून ऐकत होते. भांडण चालू आहे तोवर मानेवर जू येत नाही, एवढं बैलांना कळत होतं. ते खुशीत होते.

नायगावकडच्या आमच्या काळ्या रानात आठवडाभर झड लागली होती. सोयाबीन वीतभर, तण दीड वीत. आता उघाड पडून रानात औत चालण्याइतका वाफसा आला होता, पण मोबाईल सांगत होता की उद्या सांजपासून पुन्हा पाऊस. ओळींमधलं तण कोळपायला बैलजोडी हवी. शेषेरावाचा एक बैल लम्पीच्या साथीत गेलेला. वैजनाथच्या घरी भावाभावांत वाटण्या झाल्या, त्यात बैलजोडीही अगदी न्यायानं वाटली गेली. म्हणजे दोन्ही भावांकडं एकेक बिनकामाचा बैल, आणि भावाभावांत बोलणं बंद. याचा एक नि त्याचा एक मिळून जोडी होत होती. रानंही बांधाला बांध. अडचण एकच, आधी कोणाचं रान?

"आज माझं कोळपू, उद्या तुझं," वैजनाथ म्हणाला.

"'उद्या तुझं' हे म्या तुझ्या तोंडून लई ऐकलेलं हाय," शेषेराव म्हणाला.

ऐकलं होतं ते शाळेत असताना. शाळा ओढ्यापलीकडं. पावसाळाभर वैजनाथ शेषेरावाच्या पाठीवर बसून ओढा ओलांडायचा. "आज तू घोडा, उद्या मी घोडा," असा करार होता. तो उद्या काही उगवला नाही. शेषेरावानं एकदा भीत भीत आठवण दिली, तर वैजनाथनं त्याला दप्तरासकट ओढ्यात बसवलं आणि सगळी शाळा काठावर उभी राहून हसली. घोडा हे नाव मात्र चिकटलं. लग्नात शेषेराव घोड्यावर बसला तेव्हा वरातीतून कोणीतरी विचारलंच, "यातला नवरदेव कोणचा?"

तेव्हापासून शेषेरावाचा भरोसा वाहून गेला तो गेलाच. दुकानात पुडा एका हातात आल्याशिवाय दुसऱ्या हातातली नोट तो सोडत नाही. न्हाव्याकडं अर्धी दाढी झाली की आरशात बघून पुढची परवानगी देतो. वळखीचं सगळं गाव, दोस्त एक बी नाही.

"मंग तुझं आधी घे," वैजनाथ वैतागून म्हणाला.

"आन् कोळपं माझ्या पायावर घालशील."

"मर्दा, मंग करायचं तरी काय?"

शेषेरावानं विचार करून तोडगा काढला. "एक ओळ तुझी, एक ओळ माझी. कोणाचं आधी न्हाई, कोणाचं मागून न्हाई."

आणि खरंच तसं सुरू झालं. वैजनाथच्या रानात एक ओळ, मग कोळपं उचलून बांध ओलांडायचा, शेषेरावाच्या रानात एक ओळ, पुन्हा बांध. बैल गोंधळले. त्यांच्या आयुष्यात इतकी न्यायबुद्धी त्यांनी पाहिली नव्हती. सडकेवर माणसं जमली. हॉटेलवाला वीरण्णा किटली घेऊन तिथंच आला.

"शेषेराव, असं कोळपणं म्या तेलंगणात बी पाहिलं न्हाई," तो म्हणाला.

"पाहून घे मंग. फुकट हाय."

दुपारपर्यंत रानापेक्षा बांधच जास्त कोळपून झाला. तेवढ्यात मावळतीकडं आभाळ काळवंडलं. वैजनाथनं बैल थांबवले.

"शेषेराव, असं दोघांचं बी ऱ्हाईल. तुझं उरकून घे आधी."

"यात काय डाव हाय?"

"डाव बिलकुल न्हाई."

"मंग कामून म्हणून राहिला?"

"म्हणून राहिलो. हाण बैल."

शेषेराव दर वळणावर मागं बघत राहिला. वैजनाथ मुकाट्यानं कोळपं दाबत येत होता. सांजेला शेषेरावाचं रान लख्ख झालं. वैजनाथचं सकाळी करायचं ठरलं. पण पावसानं मोबाईल वाचला नव्हता. तो रात्रीच आला.

पुढचे दोन दिवस शेषेरावाला जेवण गेलं नाही.

"आपलं रान झालं, मंग तोंड कामून पाडून बसलाव?" बायको सिंधु म्हणाली.

"त्यानं फसवलं असतं तर बरं होतं. त्याची मला सवय हाय. हे नवंच काय काढलं त्यानं?"

तिसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबला, तसा तो खुरपं घेऊन निघाला. सिंधुनंही पदर खोचला. चिखलात बैल चालत नाही, माणूस चालतो. दोघं वैजनाथच्या रानात हातानं तण उपटत बसले. वैजनाथ आला, बघत राहिला आणि शेजारच्या ओळीत बसला.

मूठभर तण बाजूला फेकून म्हणाला, "शेषेराव, ते वढ्याचं... ध्यानात हाय का तुझ्या?"

"छ्या. इतकं जुनं कुठं ध्यानात ऱ्हातं."

"भाऊजी, लग्नाच्या पहिल्याच रात्री सांगितलं मला," सिंधु खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं काही दुसरं सांगतेत."

वैजनाथ हसला नाही. केन्याच्या तणाचं एक मूळ झटकत म्हणाला, "तुझं रान आधी कामून घेतलं, सांगू? माझं आधी झालं असतं तर दुसऱ्या दिशी मी आलो असतो का, ह्याचा माझा मलाच भरोसा नव्हता."

शेषेरावानं खुरपं थांबवलं. वैजनाथकडं नीट बघितलं. मग पुन्हा तण उपटायला लागला. पण आता त्याची ओळ वैजनाथच्या ओळीपुढं जाईना. बरोबर चालली.

उठताना म्हणाला, "उघाड पडली की तुझं कोळपून घे. मला हाक मारत बसू नको. माझा बैल तुझ्याच गोठ्यात बांधतो."

सांजेला शेषेराव घरी आला तेव्हा सिंधु चुलीपाशी होती.

"बैल खरंच ठेवला?"

"ठेवला की."

"आन् हे हातात काय?"

"बैलाचं दावं," शेषेराव म्हणाला आणि ते नीट गुंडाळून खुंटीला अडकवलं. "एकदम सगळंच कसं द्यावं माणसानं?"