शाबूत दाढा

“आ करा मावशी. अजून थोडं. बस, एवढंच?”

चतुराबाईचं तोंड जेमतेम बोटभर उघडलं आणि अडलं. परळीच्या दातांच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण तिच्या कानांपुढं बोटं दाबून बघत होती.

“दुखणं दातांत नाही. हा जबड्याचा सांधा आहे, त्यातली गादी सरकलीय. या बाजूच्या तीन दाढा कुणी काढल्या?”

शेजारी उभा असलेला सुग्रीव खाली बघू लागला. दुष्काळात गावची सहकारी दूध संस्था बंद पडली, तिथलं त्याचं दूध मापायचं काम गेलं, त्याच उन्हाळ्यात बायकोचा गाल ठणकायला लागला होता. आठवडी बाजारात पाल टाकून दात काढणाऱ्याकडं त्यानंच तिला तीनदा नेलं. तिन्ही वेळा तिचं डोकं त्यानंच घट्ट धरलं होतं.

“किडल्या असत्याल ना, बाई?” त्यानं विचारलं.

“बाकी एकही दात किडलेला नाही, काका. त्याही चांगल्याच असणार.”

“मीच म्हनले काढा,” चतुराबाई घाईनं बोलली. “हे नगं म्हनत व्हते.”

सुग्रीवनं तिच्याकडं पाहिलं. असं तो कधीच म्हणाला नव्हता.

“झोपेत दात खाता का, मावशी?”

“मला काय ठावं?”

“खाती,” सुग्रीव म्हणाला. “चारा छावणीत आमची म्हैस मेली तवापासून. रोज ऐकतो मी.”

“मग मला कावून न्हाई उठवलं?”

“उठवलं तर रडशील, वाटलं.”

डॉक्टरिणीनं समजावलं: मऊ खायचं, जांभई जपून द्यायची, गालाला शेक द्यायचा. झोपताना दातांवर बसवायची पट्टी पुढच्या आठवड्यात मिळेल. तोंड बरंचसं उघडेल, पण वेळ लागेल.

“अन् दाढा?” सुग्रीवनं विचारलं.

डॉक्टरिणीनं चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून दिली.

स्टँडवरच्या हॉटेलात त्यानं चहा सांगितला. गरम ग्लास उपरण्यात गुंडाळून त्यानं तिच्या गालाला लावला. बाकावरची माणसं बघायला लागली.

“आवो, लोकं बगत्यात.”

“बगू दे.”

चतुराबाईनं डोळे मिटले. गावाची गाडी लागली, भरली, निघूनही गेली. ग्लास निवला, तसा त्यानं दुसरा चहा सांगितला.