शिवणीची सुर्दीन

गोव्यात पाळी गावच्या खाणीवर एके काळी कंपनीचा स्वतःचा बॅण्ड होता, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. खाणीच्या मालकांना सगळे पात्रांव म्हणत. तरुणपणी लिस्बनला शिकताना त्यांना या वाद्यांचं वेड लागलं आणि गोवा मुक्त होण्याआधीच त्यांनी दोन फ्रेंच हॉर्न बोटीने मागवून घेतले होते. पितळेची नळी वेटोळं करून बसलेली, आणि तिचं परातीएवढं तोंड वाजवणाऱ्याच्या उजव्या कुशीला मागे वळलेलं. खाणीवरची माणसं जुन्या सवयीने त्याला त्रोंपा म्हणत.

पहिला त्रोंपा गोकुळदास परबाकडे होता. गोकुळदास मूळचा पेडण्याकडचा, इब्रामपूरचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करी आणि शनिवारी तालमीला बसे. अकरा वर्षं त्याने तो त्रोंपा सांभाळला होता. इनास मास्तर बॅण्ड शिकवत. साठी उलटलेला, बारीक अंगाचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी गोकुळदासला कधी वाईट म्हटलं नाही आणि कधी छानही म्हटलं नाही. गोकुळदास ठीक वाजवत असे. सूर चुकत नसे आणि अंगावर काटाही येत नसे, आणि हे त्याचं त्याला माहीत होतं.

एका बाबतीत मात्र त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्रोंप्याचा आवाज दबका करायला तोंडात एक पोकळ शंकू बसवतात, त्याला म्हणायचं सुर्दीन. पोर्तुगालहून आलेल्या सुर्दिनी पुठ्ठ्याच्या होत्या, त्या वाळवीने खाल्ल्या. गोकुळदासने लेथवर स्वतः नव्या कातल्या. फणसाची एक, ॲल्युमिनियमची एक, आणि सगळ्यांत चांगली शिवणीच्या हलक्या लाकडाची, कागदाइतक्या पातळ भिंतीची. शंकूच्या निमुळत्या टोकाला बुचाच्या तीन पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे सुर्दीन त्रोंप्यात अडकून राहते आणि पट्ट्यांच्या मधल्या फटींतून हवा बाहेर पडते. गाड्यांच्या गॅस्केटसाठी आणलेल्या बुचाच्या पत्र्यातून तो त्या पट्ट्या कापी. पट्टी जाड राहिली तर सुर्दीन बाहेरच थांबते आणि सूर उतरतो. जास्त घासली तर ती आत जाते आणि सूर चढतो. केसाएवढ्या फरकाचा हा खेळ गोकुळदास बोटांनी खेळत असे.

मग विठू आला. विठू दळवी दोडामार्गच्या पलीकडचा. बार्जच्या धक्क्यावर रोजंदारीने लागलेला, तिशीचा, बायको कमलला घेऊन पत्र्याच्या खोलीत राहणारा. गावाकडे लग्नाच्या बॅण्डमध्ये त्याने कॉर्नेट फुंकला होता. मास्तरांनी त्याला दुसरा त्रोंपा दिला आणि दोन वर्षांत असं झालं की दुसरा त्रोंपा वाजू लागला की माणसं हातातलं काम थांबवत.

ती वर्षं भाषेच्या भांडणाची होती. मराठी की कोकणी, यावरून एका पंगतीत बसणाऱ्यांची तोंडं फिरली होती. गोकुळदास मराठीच्या मोर्चात चालला होता, म्हापशाला सभेत बाकावर उभा राहून घोषणा देऊन आला होता. विठूची मालवणी आणि गोकुळदासच्या घरची बोली यांत परक्या माणसाला काडीचा फरक कळला नसता. तरी विठूचा विषय निघाला की गोकुळदास म्हणे, तो काय, भायलो. बाहेरचा.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षाच्या डिसेंबरात पात्रांवांनी मोठा समारंभ ठरवला. राजधानीतून पाहुणे येणार होते. मास्तरांनी त्यासाठी स्वतः एक तुकडा बांधला. त्रोंपा रानात हाक घालतो, मग लांबच्या डोंगरावरून पडसाद यावा तसं तेच सुर्दीन लावून हलकं वाजवतो. असं तीनदा. शेवटी सुर्दीन काढून पूर्ण आवाजात हाक, आणि सगळा बॅण्ड तिच्यात मिसळतो. सगळा भार एका त्रोंप्यावर. तालमीला मास्तरांनी कागद वाटले आणि तो कागद विठूच्या पुढ्यात ठेवला. पहिला त्रोंपाही त्यांनी त्यालाच द्यायला सांगितला, कारण दोन्हींत त्या वाद्याचा आवाज भरदार होता. गोकुळदासने रुमालाने त्रोंपा पुसला आणि सर्वांसमक्ष विठूच्या हातात दिला.

पात्रांवांनी शब्द दिला होता की समारंभ चांगला झाला तर विठूला कायम करू आणि कंपनीची खोली देऊ. म्हणून विठू दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर वर्कशॉपमध्ये आला. येताना केळ्यांचा घड घेऊन आला. म्हणाला, सुर्दीन कशी निवडायची ते मला कळत नाही, तुम्हीच द्या.

गोकुळदासने तिन्ही बाहेर काढल्या. फणसाची लावली तर आवाज जड झाला, घोंगडीखालून आल्यासारखा. ॲल्युमिनियमची लावली तर डबा वाजवल्यासारखा पातळ आणि कडक. मग शिवणीची. ती थोडी बाहेर बसत होती, सूर उतरत होता. गोकुळदासने पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या. दोन हात मारले, लावून पाहिली. आणखी एक हात, पुन्हा पाहिली. चौथ्या वेळी विठूने पडसाद वाजवला आणि गोकुळदासच्या हातातला कागद तसाच राहिला. अकरा वर्षं ज्या आवाजासाठी तो लाकडं कातत होता तो हा आवाज. त्याच्याच हातच्या सुर्दिनीतून आलेला, दुसऱ्याच्या ओठांचा.

"दादानू," विठू म्हणाला, "तुमच्या हातात काय आसा ता तुमकाच म्हायत नाय."

तो हे मनापासून बोलला. तो वाईट बोलला असता तर बरं झालं असतं, असं गोकुळदासला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

त्याने विठूला सांगितलं, पट्ट्या जुन्या झाल्यात, नव्या लावून उद्या देतो. विठू गेल्यावर त्याने जुन्या पट्ट्या खरवडून काढल्या, त्याच मापाच्या नव्या कापल्या. बूच चिकटवायला तो नेहमी पंक्चरचं सोल्युशन वापरी. त्या दिवशी ट्यूब समोर होती. शेजारीच भिंतीवर सुरक्षा सप्ताहाचे कागद डकवायला शिजवलेली मैद्याची खळ डब्यात होती. त्याने बोट खळीत बुडवलं. खळ वाळली की घट्ट धरते; ओल लागली की सुटते.

दुसऱ्या दिवशी सुर्दीन देताना त्याने विठूला एक युक्तीही सांगितली. सुर्दीन बसवण्याआधी त्रोंप्याच्या तोंडात दोनतीनदा खोल वाफ सोडायची, मग हलका पीळ देऊन बसवायची. ओलीने बूच पक्कं धरतं. युक्ती खरी होती. कुठलाही जाणकार हेच सांगेल. विठूने ती लक्षात ठेवली आणि वाकून पाया पडला.

समारंभाला दीडदोनशे माणसं होती. पुढच्या ओळीत पाहुणे, त्यांच्यामध्ये पात्रांव. कमलही मागे बायकांच्यात येऊन बसली होती. विठूने पहिली हाक घातली आणि कुजबूज थांबली. त्याने तोंडात वाफ सोडली, सुर्दीन बसवली, आणि पडसाद खरंच डोंगरावरून आला. दुसरी हाक, पुन्हा वाफ, दुसरा पडसाद. गोकुळदास दुसरा त्रोंपा मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. क्षणभर त्याला वाटलं की खळ टिकणार. ती टिकावी असं वाटलं की टिकू नये असं, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिसऱ्यांदा बुचं सरकली. सुर्दीन सरळ आत गेली आणि लाकूड पितळेला घट्ट बसलं. हवेला वाट राहिली नाही. विठू फुंकत होता, मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या, आणि त्रोंप्यातून चिमटलेल्या कोंबडीसारखा आवाज येत होता. पुढे कुणीतरी हसलं. विठूने सुर्दीन ओढली. येईना. शेवटची मोठी हाक जवळ आली होती, बॅण्ड थांबून राहिला होता. विठूने त्रोंपा दोन्ही गुडघ्यांत धरला आणि सगळं बळ लावून ओढलं. बाटलीचं बूच उडावं तसा मोठा आवाज झाला, सुर्दीन हातात आली आणि विठू खुर्चीसकट मागे कलंडला.

सगळा मांडव हसला. पाहुणे डोळे पुसत होते. पात्रांव आधी लाल झाले होते, पण पाहुण्यांना हसताना पाहून तेही हसले. जेवणं झाल्यावर त्यांनी विठूला टेबलाशी बोलावून घेतलं आणि तेच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. विठूने सुर्दीन दाबून बसवली, गुडघ्यांत धरून ओढली, आवाज झाला. पडलाही पाहिजेस, एक पाहुणे म्हणाले. विठू पडला. कमल दाराशी उभी होती.

इनास मास्तर त्या दिवशी न जेवता गेले.

पुढच्या आठवड्यात पात्रांवांचा निरोप गोकुळदासला आला. त्यांच्या वाढदिवसाला विठूचा तोच खेळ हवा होता, आणि सुर्दीन नेमकी तिसऱ्या पडसादाला अडकायला हवी. ती कातणारा तूच ना, मग तूच बघ. विठू संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आला आणि बाकावर बसला. गोकुळदासने बुचं कापली, घासली, आणि मग हात आखडला. समोर सोल्युशनची ट्यूब होती, खळीचा डबा होता. विठूने दोन्हींकडे पाहिलं. डबा जवळ ओढून त्याने बोट बुडवलं, दोन बोटांत खळ चोळून पाहिली.

"त्या दिवशी ह्याच लायलात?" त्याने विचारलं.

गोकुळदासला खोटं बोलता आलं असतं. "होय," तो म्हणाला.

विठूने बोट पँटला पुसलं. मग म्हणाला, "मगे आता नीट लावा. नेमक्या वेळेक सुटाक होया. हसले नाय तर माका कोण ठेवतलो?"

त्यानंतर दीड वर्ष हे चाललं. चतुर्थीला, पात्रांवांच्या मुलीच्या साखरपुड्याला, कुणी मोठा माणूस खाण बघायला आला की. दर वेळी विठू बाकावर बसे आणि गोकुळदास त्याच्यासमोर खळ लावी. विठू पडण्यात तरबेज झाला. पडताना टोपी उडवायचं त्याने स्वतःहून वाढवलं. कायम करायचं पात्रांव दर वेळी म्हणत आणि दर वेळी पुढचा समारंभ निघे. पहिला त्रोंपा एरवी पुन्हा गोकुळदासकडे आला होता. त्याची बायको सत्यवती शेजारणींना अभिमानाने सांगे की आमचे हेच खरे वाजवतात, दुसरा नुसता विनोद करतो. गोकुळदास ते ऐके आणि भात कालवत राही.

फोंड्याला एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. या वेळी नक्की, असं पात्रांवांनी चारचौघांत सांगितलं होतं. फोंड्यानंतर विठूला कायम करायचं आणि खोलीची किल्ली द्यायची. आदल्या दिवशी विठूला धक्क्यावर जादा पाळी लागली, तो बाकावर बसायला आला नाही. गोकुळदास एकटाच होता. त्याने ट्यूबचं टोपण काढलं. याची हाक एकदा याला पुरी वाजवू देऊन आपण याचं एक देणं तरी फेडू, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने पट्ट्या सोल्युशनने पक्क्या केल्या, रात्रभर दाबून ठेवल्या आणि कुणाला बोलला नाही.

फोंड्याला तिसऱ्या पडसादाला विठूने मान ताणली, डोळे मोठे केले, आणि सुर्दीन अडकली नाही. पडसाद स्वच्छ आला. विठूने गोकुळदासकडे पाहिलं. तसली नजर गोकुळदासने एकदाच पाहिली होती, वर्कशॉपमध्ये मशीनच्या पट्ट्यात हात सापडलेल्या माणसाची. पण मास्तरांचा हात वर होता आणि सूर सोडता येत नव्हता. विठूने पडसाद पुरा केला, सुर्दीन सहज काढली आणि शेवटची हाक घातली. एवढी मोठी, एवढी स्वच्छ हाक त्या बॅण्डने कधी वाजवली नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले होते. पुढची ओळ हसायला टेकली होती ती तशीच थांबली. थोड्या टाळ्या झाल्या. पात्रांवांनी शेजारच्या पाहुण्याची माफी मागितली.

सोमवारी विठूला बॅण्डमधून काढलं आणि क्रशरवर पाठवलं, जिथे धुळीत माणूस दोन हातांवर दिसत नाही. तिथे त्याने पंधरा दिवस काढले. मग पाठीला गाठोडं लावून वर्कशॉपच्या दाराशी आला, शिवणीची सुर्दीन बाकावर ठेवली. गोकुळदासला बोलायचं होतं. आपण चांगल्या मनाने केलं, हे सांगायचं होतं.

"माका इचारूक होया होता, दादानू," विठू म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो वळला आणि धक्क्याच्या वाटेने निघून गेला.

दुपारी कमल गोकुळदासच्या घरी आली. तिच्या हातात स्वतः लावलेल्या वेलीचा भोपळा होता. आम्ही गावाला जातो, तिने सत्यवतीला सांगितलं. यांनी बजावलं, की दादांना दिल्याशिवाय निघू नकोस. इथे आपल्याला तेवढ्या एकाच माणसाने हात दिला. असं सांगताना तिचे डोळे भरून आले. गोकुळदास ओसरीवरच होता. विठूने हे तिला कुठल्या मनाने सांगितलं असेल, ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिला काहीच माहीत नव्हतं, एवढं दिसत होतं. पलीकडे रस्त्यावर दोडामार्गला जाणारा ट्रक थांबला होता आणि विठू मागच्या फळीवर पाठमोरा बसला होता. कमल वाकून दोघांच्या पाया पडली आणि धावत गेली.

सत्यवतीने भोपळा चिरला. बघा, किती गोड माणसं, ती म्हणाली. तिने चण्याची डाळ आणि खोबरं घालून भाजी केली आणि गोकुळदासला दोनदा वाढली.

त्याने ती सगळी खाल्ली.